डावा स्पीकर

कुरकुरणारी मोटर टेबलावर आली की सर पाना मागत नसत, पेचकस मागत. पेचकसाचं टोक मोटरीच्या अंगावर, आत बेअरिंग असते त्या जागी टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सप्लाय द्यायला सांगायचं. मोटर फिरायला लागली की वर्कशॉपमध्ये कुणी खोकलेलंही त्यांना चालत नसे. मिनिटभरानं डोळे उघडून निकाल द्यायचे, "मांगची बेअरिंग गेली. पुढचीले काई झालं नाई, तिले हात लावू नका." मग आम्ही मोटर उघडायचो आणि आत नेमकं तेच निघायचं. सर तोवर चहाला निघून गेलेले असायचे. उघडल्यावर काय निघालं हे बघायला ते कधी थांबले नाहीत. "उघडून तं कोनीबी सांगते," म्हणायचे.

डावाच कान का, असं मी नवा असताना एकदा विचारलं होतं. "उजवा मोबाईलचा, बायकोचा अन् प्राचार्याचा," ते म्हणाले. "डावा कामाचा. त्याले म्या फालतू बोलनं ऐकवत नाई."

तो कामाचा कान आता गेला आहे. कमी झाला, मंदावला असं नाही, पार गेला. आणि तो जाण्यात माझा हात आहे. असं मी म्हटलं की बायको चिडते. "कानाची नस तुमी कापली का?" विचारते. नस मी कापली नाही. मी फक्त महिनाभर हो म्हणत राहिलो.

सर अकोल्याच्या एका आयटीआयत वायरमन ट्रेडचे गटनिदेशक, म्हणजे आम्हा सगळ्या निदेशकांचे वरिष्ठ. मी तिथे तासिका तत्त्वावर, दर वर्षी नव्या आदेशाची वाट बघणारा. दोघंही राहायला अमरावतीला. आमची ओळख झाली त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "यष्टीनं काहून येतेस बे? माही गाडी खालीच येते." तेव्हापासून पाच वर्षं मी त्यांच्या जुन्या पांढऱ्या मारुतीत डावीकडच्या सीटवर बसून शंभरेक किलोमीटर जायचो आणि तितकंच परत यायचो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. मूर्तिजापूरला चहा ठरलेला. सर चहा बशीत ओतून पीत आणि दुसरी बशी माझ्यापुढे सरकवत. मी कपानं पितो हे त्यांना पाच वर्षांत पटलं नाही.

ते मूळचे अकोटचे. वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये तेलवाले होते, यंत्रांना तेल घालायचे. "अब्बा घरी जेवताजेवता सांगत, तीन नंबर कोरडी चालून राहिली," सर सांगायचे. "अन् हातातला घास ठेवून पयत सुटत. आमच्या घरी कानावर रोटी होती." हे सांगताना ते स्वतःच्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचे. कुणी शाळेच्या सर्टिफिकेटाला हात लावून दाखवावं तसं.

गाडीतल्या वायरिंगला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. जुना कॅसेटचा टेप मेला तेव्हा त्यांनी पेन ड्राइव्हवाला नवा स्टिरिओ आणला आणि दुकानातल्या माणसानं "लावून देतो" म्हटल्यावर त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं खोका निमूट पिशवीत घातला. बसवायला त्यांना तीन रविवार लागले. जुन्या गाडीत प्रत्येक स्पीकरला एकच वायर होती, दुसरं टोक गाडीच्या पत्र्यालाच टेकवलेलं. नव्या स्टिरिओला ते चालत नाही, तसं केलं तर तो जळतो. म्हणून चारी स्पीकरना त्यांनी दोन-दोन नव्या वायरी ओढल्या, दारातल्या दोघांना आणि मागच्या काचेखालच्या फळीवरच्या दोघांना. वायरीच्या रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. प्लसच्या टोकाला एक गाठ, मायनसच्या टोकाला दोन. "रंग डोयाले दिसते, गाठ हाताले समजते. डॅशबोर्डाच्या मांगं डोयाले काय घंटा दिसते?" चिकटपट्टी वर्ज्य. जोड डागायचा आणि त्यावर नळी चढवायची. कोणता प्लस कोणता मायनस हे बघायला ते घड्याळातला सेल काढून स्पीकरच्या टोकांना टेकवत. स्पीकरचा कागदी शंकू पुढे उचलला गेला की बरोबर, मागे ओढला गेला की उलटा. एक जरी स्पीकर उलटा लागला तर बाकीचे पुढे ढकलतात तेव्हा तो मागे ओढतो आणि तबल्याचा डग्गा नाहीसा होतो, हे त्यांनी मला एका स्पीकरच्या वायरी उलट आणि सुलट लावून किमान वीस वेळा ऐकवलं. मला फरक कळत नव्हता. मी "वा" म्हणत होतो.

तेव्हापासूनच मला ती सवय लागली असावी.

पण ते जमलं मात्र झकास. गाडीचा पत्रा खडखडायचा, दार बंद करायला दोनदा आपटावं लागायचं, आणि आत कव्वाली लागली की टाळ्या डावीकडून येत आणि गाणारा उजवीकडून. सर स्टिअरिंगवर अंगठ्यानं ठेका धरत. भाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डावीकडची काच खाली करायची बंदी होती, कारण दाराच्या आतून स्पीकरची वायर जाते. "उन्हाळ्यात मी शिजून गेली तरी चालते यायले," भाभी म्हणायच्या, "वायर नाई दबली पायजे."

मग परीक्षा आल्या. वर्कशॉपला कुलूप लागलं, सगळे सुपरव्हिजनला. मोटरी बंद, पेचकस कपाटात. त्या दिवसांतल्या एका सोमवारी बडनेरा यायच्या आधी सरांनी स्टिरिओचं बटण फिरवलं, परत फिरवलं आणि म्हणाले, "डावा गेला."

माझ्या गुडघ्याजवळच्या दारात तो स्पीकर होता. छान वाजत होता. टाळ्या तिथूनच येत होत्या.

"येऊन राहिला ना सर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कानाच्या जागी भजे लावले का बे तू?"

एवढंच. पण त्यानंतर मूर्तिजापूरला गाडी थांबली नाही. संध्याकाळी परत येतानाही ते एक शब्द बोलले नाहीत. माझ्या आदेशाची शिफारस त्याच महिन्यात जायची होती आणि ती त्यांच्या सहीनं जायची. रात्रभर माझ्या डोक्यात तीच शिफारस. मंगळवारी सकाळी गाडीत बसलो, गाणं लागलं आणि त्यांनी विचारलं, "पाय बरं. येते का?"

"थोडा कमीच येते सर," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. "हां! आता उघडले तुये कान." मूर्तिजापूरला गाडी थांबली, बशी माझ्यापुढे आली. त्या दिवशी मीही बशीनं चहा प्यायलो.

पुढचे चार रविवार मी त्यांच्या अंगणातल्या टिनाखाली काढले. दाराचं आतलं कव्हर काढायचं, त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटायच्या, उरलेल्या भाभींच्या वाटीत ठेवायच्या. फॉल्ट शोधायची सरांची एक पद्धत होती आणि ती ते प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगत: अदलाबदल करा, दोषी आपल्या पायानं चालत येते. पहिल्या रविवारी त्यांनी डावा स्पीकर उजव्या दारात लावला आणि उजवा डाव्या. आवाज डावीकडूनच गेलेला. म्हणजे स्पीकर चांगले. दुसऱ्या रविवारी स्टिरिओच्या मागच्या वायरी उलटसुलट केल्या. तरी डावीकडूनच गेलेला. मग दाराची वायर नवीन ओढली, बिजागरीपाशी दबते म्हणून जाड नळीतून ओढली. दर वेळी सगळं जोडून झालं की ते ड्रायव्हरच्या सीटवर बसत, मी बाजूला, आणि ते विचारत, "सांग."

"कमीच आहे सर."

त्या दारातला आवाज इतका स्वच्छ होता की वायरीवरून बोट फिरवल्यासारखा कळत होता. आणि मी कमीच आहे म्हणत होतो.

दुसऱ्या आठवड्यात शिट्टी आली. जुन्या गाडीत स्टिरिओची अर्थिंगची वायर, म्हणजे अर्थ, नीट लागलेली नसली की बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची बारीक शिट्टी गाण्यात घुसते, हे सरांनीच मला शिकवलं होतं. ते म्हणाले, "शिट्टी येऊन राहिली. कालपासून. आयकू येते तुले?"

मला फक्त गाणं ऐकू येत होतं. "येते सर. बारीक."

"मले सारखी वाटते बे. अल्टरनेटरची असती तं रेस दिल्यावर वाढाले पायजे." हे त्यांनी स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं आणि कपाळाला आठी घातली.

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण त्यांना आठी पडलेली मला सहन होत नसे. मी म्हणालो, "वाढते ना सर. रेस दिली की वाढते."

"वाढते?"

"हो. थोडी."

"मंग अर्थ खराब हाय," ते म्हणाले आणि त्यांची आठी गेली. पुढच्या रविवारी त्यांनी गाडीचा एकेक अर्थ सोडून पॉलिशपेपरनं घासला. मी टॉर्च धरून होतो.

एकदा, फक्त एकदा, मी खरं सांगायचा प्रयत्न केला. बोरगाव मंजूच्या अलीकडे, सकाळी. तिसऱ्या आठवड्यात ते नवा स्टिरिओ घ्यायच्या गोष्टी करायला लागले होते आणि मला ते फारच झालं. मी समोर रस्त्याकडे बघत हळूच म्हणालो, "सर, मला वाटतं डावा स्पीकर पहिल्यापासून चालूच आहे. मला तरी तो नीट येतो." गाणं चालू होतं, सरांच्या खिडकीतून वारा येत होता.

त्यांनी मान वळवली नाही. अंगठा स्टिअरिंगवर ठेका देत राहिला. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. मला वाटलं, झालं, आता मूर्तिजापूरला परतीचा चहा बंद, शिफारसही बंद.  मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मी त्यांच्या डावीकडे बसलो होतो. त्यांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं.

चौथ्या रविवारी दुपारी गेलो तर गाडीचं बॉनेट बंद, दारं जोडलेली, सगळं आवरलेलं. सर स्टिअरिंगमागे बसलेले. मी नेहमीसारखा डावीकडून जायला लागलो तर म्हणाले, "तिकडून नोको. इकडे ये, माह्या खिडकीपाशी उभा राय."

मी उभा राहिलो.

"गानं लावलं नाई. इंजिन चालू नाई. नुसती शिट्टी आयक. येते का?"

मी कान देऊन ऐकल्यासारखं केलं. महिनाभर करत होतो, त्यात काही अवघड उरलं नव्हतं. "येते सर. बारीक."

"कालच्यापेक्षा जास्त का कमी?"

"थोडी कमी वाटते."

त्यांनी मान हलवली आणि बोट दाखवलं. ओट्यावर, पोत्यावर, गाडीची बॅटरी ठेवलेली होती. येताना तिच्या बाजूलाच मी चपला काढल्या होत्या.

"सकायी काढली," सर म्हणाले. "सप्लाय नाई तं आवाज नाई, एवढं पहिल्या वर्षाच्या पोट्ट्याले समजते. मले सकायपासून शिट्टी येऊनच राहिली. माह्या डोक्यात वाजून राहिली ती." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. खरोखर विचारत होते. "ते तुले कशी आयकू येते, बेटा?"

 

त्यांनी उजव्या कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. मग हात डाव्या कानाजवळ नेला आणि तसंच घासलं. बराच वेळ घासत राहिले, जोर वाढवत. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाले, "गाडी चांगली हाय. वायर बी चांगली हाय. सारी चांगली हाय." आणि डाव्या दारावर, स्पीकरच्या जाळीवर, हात फिरवला.

अमरावतीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले. सर म्हणाले, "महिना."  डॉक्टरांनी सांगितलं की असा अचानक कान जातो तेव्हा पहिले आठ-पंधरा दिवस महत्त्वाचे असतात. तेव्हा आलं तर औषधानं बऱ्याच जणांचं थोडंफार परत येतं. सगळ्यांचं येतंच असं नाही. आता उपाय जवळजवळ राहिलेला नाही. आपला कान गेला हे माणसाला इतके दिवस कळत कसं नाही, असं मी बावळटासारखं विचारलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. दुसरा कान काम ओढून नेतो, आणि माणूस दोष बाहेर शोधत बसतो. घरचं, सोबतचं कुणीतरी टोकतं तेव्हा लक्षात येतं.

सर माझ्या डावीकडे बसले होते. उजव्या कानानं त्यांनी सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर भाभींनी मला दारातच विचारलं, "भाईसाब, तुमी तं रोज बाजूले बसत होते. तुमाले समजलं नाई?" त्यांच्या मनात काही नव्हतं. सर आत जाता जाता म्हणाले, "त्याले काय समजते. त्याले डग्गा बी समजत नाई." त्यांनी मला वाचवलं. त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला तितका कधी आला नव्हता.

माझा आदेश जूनमध्ये आला. ऑफिसात फाईल पाहिली. सरांची शिफारस परीक्षेच्याही आधी गेलेली होती, त्या सोमवारच्या दहा-बारा दिवस आधी. सहीच्या वर त्यांच्या हातानं एक ओळ जास्तीची लिहिलेली: काम चोख, विश्वासू. ज्यासाठी मी पहिलं खोटं बोललो ते आधीच माझ्या पदरात पडलेलं होतं. मी फाईल बांधून परत दिली आणि वर्कशॉपच्या मागे जाऊन उभा राहिलो.

सर आता गाडी चालवत नाहीत. एका कानाच्या माणसाला आवाज कोणत्या बाजूनं आला ते कळत नाही. हॉर्न वाजला की ते भलतीकडे बघतात. बडनेऱ्याच्या पुलावर एकदा ट्रक अगदी जवळून गेला, तेव्हापासून त्यांनी चावी खिळ्याला टांगली. आम्ही यष्टीनं जातो. मी त्यांच्या उजवीकडे बसतो, पण फारसं बोलणं होत नाही. मूर्तिजापूरला बस थांबते, आम्ही उतरत नाही. मारुती टिनाखाली उभी आहे. चारी स्पीकर आहेत, एकूण एक जोड डागलेला, गाठी बरोबर. शिट्टी त्यांना अजून येते. दिवसरात्र येते, भाभी सांगतात.

वर्कशॉप पुन्हा सुरू झालं त्या आठवड्यात पंपाची एक मोटर आली. मोटर टेबलावर ठेवली गेली आणि सवयीनं सगळे चूप झाले. सरांनी पेचकस घेतला, टोक टेकवलं, मूठ डाव्या कानाकडे नेली आणि मध्येच थांबवली. मग उजव्या कानाला लावली. डोळे मिटले. मोटर फिरत राहिली, एक मिनिट, दोन मिनिटं. त्यांनी डोळे उघडले, पेचकस माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तू आयक."

 मी मूठ कानाला लावली. पाच वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून काहीतरी शिकलो असेन तर ते त्या क्षणी कामी यावं म्हणून मी देवाचा धावा केला. पुढच्या बाजूला सलग गुणगुण होती. मागच्या बाजूला त्या गुणगुणीत वाळूचा खडा घासल्यासारखं काहीतरी होतं. मी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं.

"सर, मागची बेअरिंग गेली आहे," मी म्हणालो. "पुढची चांगली आहे. खरं सांगतो."

"बरं," ते म्हणाले.

सप्लाय काढला. सगळ्यांना वाटलं, आता ते चहाला निघतील. त्यांनी ड्रॉवर ओढला, पाना काढला आणि पुढच्या बाजूचे बोल्ट सोडायला लागले. चारी बोल्ट काढले, कव्हर काढलं, पुढची बेअरिंग बोटानं फिरवून पाहिली. ती चांगली होती. मग मोटर वळवून मागची बाजू उघडली. मागची गेलेलीच होती. ती त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि हात पुसले.

त्यानंतर मोटरी येतच असतात. प्रत्येक वेळी ते आधी मला ऐकायला लावतात, मी सांगतो, ते "बरं" म्हणतात, आणि मग ड्रॉवरमधून पाना काढून मोटर उघडून बघतात.